पेशी काही विसरत नाही

माझ्या पेशींना रविवार नसतो. लॅबमध्ये डिशमध्ये वाढणाऱ्या या स्टेम सेल, त्यांचा मिडिया (ज्या पोषक द्रवात त्या वाढतात तो) रोज बदलावा लागतो, कारण त्यातलं वाढीचं प्रथिन ३७ अंशांवर एक दिवसही धड टिकत नाही. ते कमी पडलं की पेशी बिथरतात, कॉलनीच्या (त्यांच्या दाट वसाहतीच्या) कडेने पसरायला लागतात, आणि एकदा का त्या भलतंच काही व्हायला लागल्या की त्यांना वळवून आणणं कठीण. म्हणून गेली सात वर्षं, पाऊस असो, ताप असो, घरात कार्य असो, आमच्यापैकी कोणीतरी जाऊन त्यांना खाऊ घालून येतंच. लॅबमध्ये आम्ही तसंच म्हणतो, "आज पेशींना कोण खाऊ घालणार?" रविवारी बहुतेक मीच असते.

मागच्या रविवारी मी हूडसमोर, म्हणजे निर्जंतुक हवेच्या कपाटासमोर, बसले असताना आत्याचे तीन मिस्ड कॉल आले. हातात ग्लोव्हज, समोर डिश उघडी, त्यामुळे फोनला हात लावता येईना. काम आटपून बाहेर आले, फोन लावला, तर ती पहिल्याच वाक्याला म्हणाली, "अगं, तुमच्या त्या स्टेम सेलचं इंजेक्शन मिळायला लागलंय म्हणे. मी नाव घातलंय."

आत्याला पार्किन्सन्स होऊन सहा वर्षं झाली. हात थरथरतो याचं तिला फारसं वाटत नाही, अक्षर गेलं याचं वाटतं. मोत्यासारखं अक्षर होतं तिचं. माझ्या शाळेच्या वह्यांवर नावं तीच घालून द्यायची. आता लिहायला बसली की पहिला शब्द बरा येतो, मग अक्षरं लहान लहान होत जातात आणि ओळ संपेपर्यंत मुंगीएवढी होतात. या आजारात तसं होतंच.

मी घाईघाईने "पैसे भरू नकोस, आधी मला कागद पाठव" एवढंच बोलले आणि ती दुखावली. जी गोष्ट मी रोज हातात घेते ती तिला मिळू नये असं मी म्हणतेय, असं तिला वाटलं. म्हणून हे पहिल्यापासून लिहून काढते आहे. आत्यासाठी, आणि तिच्यासारखं कुठेतरी नाव घालून आलेल्या प्रत्येकासाठी.

आमची सुरुवात होते ती त्वचेच्या तीन-चार मिलिमीटरच्या तुकड्यापासून. तो डिशमध्ये ठेवला की आठवड्या-दीड आठवड्यात त्याच्या कडेने पेशी बाहेर सरकू लागतात. या फायब्रोब्लास्ट. लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या. डिश भरत आली की वाऱ्याने एका अंगाला झुकलेल्या गवतासारख्या दिसतात. कोलॅजन तयार करायचं, जखम भरून आणायची, हे यांचं काम. ही पेशी आपणहून कधी हृदयाची किंवा मेंदूची होत नाही.

पण का होत नाही? तिच्याजवळ डीएनए तर सगळा असतो. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीजवळ असतो. (लाल रक्तपेशी वगळायच्या, त्यांना केंद्रकच नसतं.) मी हे आत्याला वाड्याच्या उपमेने सांगते. प्रत्येक पेशीला सगळा वाडा मिळालेला असतो, पण ती राहते चार खोल्यांत. यकृताच्या पेशीच्या चार खोल्या वेगळ्या, त्वचेच्या पेशीच्या वेगळ्या. बाकीच्या खोल्यांना कुलपं. ही कुलपं म्हणजे डीएनएवर चिकटलेल्या रासायनिक खुणा, आणि ज्या प्रथिनांभोवती डीएनए गुंडाळलेला असतो त्याची घट्ट आवळलेली वेटोळी. पेशी मोठी झाली की न लागणाऱ्या खोल्या पाडूनच टाकल्या जातात, असं एके काळी अनेक शास्त्रज्ञांना वाटत होतं. तसं असतं तर पेशीने मागे फिरायचा, पुन्हा काहीही होऊ शकेल अशा मूळ अवस्थेत जायचा, प्रश्नच उरला नसता.

खोल्या शाबूत आहेत हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन गर्डन यांनी बेडकावर दाखवलं. १९६२ सालची गोष्ट. बेडकाच्या अंड्यातलं मूळ केंद्रक निकामी करायचं आणि त्या जागी बेडूकमाशाच्या आतड्याच्या पेशीतलं केंद्रक घालायचं. बहुतेक अंडी वाया गेली. पण थोड्या अंड्यांतून पोहणारे बेडूकमासे निघाले, आणि पुढे त्यांतले काही पूर्ण वाढलेले बेडूकही झाले. आतड्याच्या पेशीतून डोळे, पाय, हृदय, सगळं. अनेकांना ते पटायला वर्षं लागली. सस्तन प्राण्यात हे घडलं १९९६ मध्ये, डॉली मेंढीच्या वेळी. मोठ्या मेंढीच्या कासेतली पेशी, २७७ प्रयत्न आणि त्यातून जगलेलं एक कोकरू.

या दोन्ही ठिकाणी कुलपं उघडली ती अंड्याने. अंड्यात नेमकं असं काय आहे, हे कोणाला सांगता येत नव्हतं. आणि माणसावर उपचार करायचे तर प्रत्येक रुग्णामागे अंडी कुठून आणायची, हा प्रश्न नुसता तांत्रिक नव्हता.

पुढचा भाग मला फार जवळचा आहे. जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका हे नाव आमच्या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. २०१२ साली त्यांना आणि गर्डन यांना मिळून नोबेल मिळालं. पण २००६ च्या त्या शोधनिबंधावर दोनच नावं आहेत, आणि पहिलं नाव काझुतोशी ताकाहाशी यांचं आहे. त्यांचं शिक्षण इंजिनीअरिंगचं. हूडसमोर बसून ते काम करणारे ते होते. मी जेव्हा जेव्हा पिपेट हातात घेऊन कंटाळते, तेव्हा मला त्यांचीच आठवण होते.

त्यांनी केलं असं. भ्रूणाच्या मूलपेशींत (म्हणजे स्टेम सेलमध्ये, ज्यांच्यातून शरीरातली कोणतीही पेशी होऊ शकते) महत्त्वाची वाटणारी २४ जनुकं निवडली. फक्त मूलपेशींतच चालू असणाऱ्या एका जनुकाच्या जागी असं काही बसवलं, की ते चालू झालं तरच पेशी विषारी औषधातून वाचेल. मग उंदराच्या पेशींत विषाणूच्या मदतीने एकेक जनुक घालून पाहिलं. एकही पेशी वाचली नाही. मग चोवीसच्या चोवीस एकदम घातली, आणि कॉलन्या उगवल्या. आता यातली खरी कोणती? चोवीसांतून निवडी करत बसायचं तर आयुष्य जाईल. ताकाहाशींनी उलटी वाट धरली. दर वेळी एकच जनुक वगळायचं, बाकी तेवीस घालायची. जे वगळल्यावर कॉलन्या येत नाहीत ते कामाचं. असं करत दहा उरली, आणि त्या दहांतून चार. ऑक्ट-३/४, सॉक्स-२, केएलएफ-४ आणि सी-मिक. शेपटीच्या टोकाच्या पेशीला ही चार मिळाली की ती मागे फिरत होती. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये माणसाच्या पेशींवरही ते साधलं, यामानाकांच्या गटाला आणि अमेरिकेत जेम्स थॉमसन यांच्या गटालाही. थॉमसन यांची चार जनुकं थोडी वेगळी होती. दोन वेगळ्या किल्ल्यांनी एकच दार उघडलं याचं मला अजून नवल वाटतं. अशा मागे फिरवलेल्या पेशींना आयपीएस म्हणतात.

आम्ही ही चार जनुकं सेंडाई नावाच्या विषाणूतून देतो. तो केंद्रकात शिरत नाही, पेशीच्या डीएनएला हात लावत नाही, आणि पेशी विभागत गेल्या की विरळ होत होत निघून जातो. पहिले पाच दिवस बघवत नाहीत. पुष्कळ पेशी मरतात, उरलेल्या आजारी दिसतात. आठवड्याभरात कुठे कुठे एखादी पेशी आपलं लांबट रूप सोडून आखडून बसते. दोन आठवड्यांनी बेटं दिसू लागतात. तिसऱ्या आठवड्यात एखाद्या सकाळी मायक्रोस्कोपखाली ती कॉलनी दिसते. सपाट, गच्च भरलेली, कडा सुरीने कापल्यासारखी स्वच्छ आणि उजळ. आतल्या पेशी इवल्याशा, केंद्रकाने जवळजवळ सगळी पेशी व्यापलेली, आणि केंद्रकात ठळक काळे ठिपके. हजारो फायब्रोब्लास्टमधून अशा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

मग ती उचलायची. बारीक सुईने कॉलनीवर आडव्या-उभ्या रेघा मारून चौकोन पाडायचे आणि एकेक चौकोन पिपेटने ओढून नव्या घरात सोडायचा. हे करताना श्वास आपोआप धरला जातो. माणसाच्या या पेशी एकएकट्या सुट्या केल्या तर बहुतेक मरतात. त्यांना शेजार लागतो. म्हणून तुकड्यानेच न्यायच्या, आणि सुट्या करायची वेळ आलीच तर पहिला दिवस मरण रोखणारं एक औषध मिडियात घालायचं. शेजार तुटला म्हणून जीव सोडणारी पेशी पहिल्यांदा पाहिली, त्या दिवशी मला जेवण गेलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी माझ्या हातून एक नमुना गेला. दुसऱ्या एका लॅबमधून आलेल्या पेशी मी चाचणीचा निकाल यायच्या आधीच नेहमीच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या. त्यात मायकोप्लाझ्मा होता. हा जंतू साध्या मायक्रोस्कोपला दिसत नाही, मिडिया गढूळ करत नाही, नेहमीच्या अँटिबायोटिकना दाद देत नाही. तीन महिन्यांनी कळलं तेव्हा तो सगळीकडे पोहोचला होता, लिक्विड नायट्रोजनमध्ये गोठवलेल्या त्या काळातल्या कुप्यांतही. सगळं निर्जंतुक करून टाकून दिलं. त्यात एका व्यक्तीच्या पेशी होत्या, आजार फार दुर्मीळ. पुन्हा नमुना मागायचा म्हणून विचारणा केली, तर ती व्यक्ती राहिली नव्हती. तिने त्वचेचा तुकडा दिला होता तो आपल्यानंतरच्या कोणाच्या तरी उपयोगी पडावा म्हणून. तेव्हापासून बाहेरून आलेली कुपी चाचणी होईपर्यंत मी वेगळ्या खोलीतच ठेवते, मग कोणी कितीही घाई करो.

मागे नेणं हे झालं अर्धं काम. बाहेर लोकांना तेवढंच ठाऊक असतं, आणि आत्यालाही तेवढंच ठाऊक होतं. मूळ अवस्थेतली पेशी रुग्णाला देण्यात काही अर्थ नसतो, उलट धोका असतो. ती काहीही होऊ शकते हाच तिचा गुण आणि हीच भीती. उंदरात अशा पेशी तशाच सोडल्या तर गाठ होते, टेराटोमा. तिचा काप काढून पाहिला की एकाच गाठीत कूर्चा, आतड्याचं अस्तर, त्वचेसारखा थर असं काहीबाही दिसतं. त्या चारांतलं सी-मिक तर कर्करोगाशी जोडलेलं जनुक आहे. शिवाय डिशमध्ये महिनोन्महिने वाढताना एखाद्या पेशीच्या गुणसूत्रात बदल होतो, तिला जास्त वेग येतो, आणि बघता बघता डिश तिचीच होते. विसाव्या गुणसूत्राचा एक तुकडा जादा झालेल्या पेशी आम्हाला वरचेवर सापडतात. दिसायला त्या उत्तम, टवटवीत असतात. म्हणून नुसत्या दिसण्यावर जायचं नाही.

म्हणजे पेशी पुढे आणायची, ठरवलेल्या वाटेने. आणि एकही मागे राहू द्यायची नाही.

पुढे आणताना काय वाटतं ते मात्र मला सांगता येणार नाही, दाखवावंच लागेल. हृदयाच्या पेशी करताना आधी एक रसायन देऊन एक संदेश वाढवायचा, दोन-तीन दिवसांनी दुसरं देऊन तोच संदेश दाबायचा, आणि मग वाट पाहायची. पहिल्यांदा केलं तेव्हा नवव्या दिवशी सकाळी मी डिश मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि मला वाटलं टेबलाला धक्का लागतोय. मी हात उचलून घेतले. तरी हलतच होतं. डिशच्या एका कोपऱ्यात नखाएवढा पापुद्रा आकसत होता, सैल होत होता, पुन्हा आकसत होता. जी पेशी काही महिन्यांपूर्वी कोणाच्या तरी दंडावरची त्वचा होती, तिला ठोके कसे द्यायचे हे माहीत होतं. शिकवलं कोणी नव्हतं. ती खोली तिच्याजवळ होतीच. मी बाहेर जाऊन सगळ्यांना बोलावून आणलं, सफाईला येणाऱ्या मावशींनाही. त्या बराच वेळ डोळा लावून बसल्या आणि म्हणाल्या, "ह्याला दुखत नसेल ना?"

माणसावर हे पहिल्यांदा वापरलं गेलं ते २०१४ च्या सप्टेंबरमध्ये, जपानमधल्या कोबे इथे. मासायो ताकाहाशी यांच्या गटाने वयोमानाने दृष्टिपटल झिजण्याचा आजार असलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या एका स्त्रीच्या स्वतःच्या त्वचेपासून दृष्टिपटलामागचा रंगीत थर तयार केला आणि त्याचा एक छोटासा पापुद्रा तिच्या डोळ्यात बसवला. वर्षभराने नजर सुधारली नव्हती, पण ढासळलीही नव्हती, आणि गाठ झाली नव्हती. दुसऱ्या रुग्णाच्या पेशीही तयार होत्या. तपासणीत त्यांच्या जनुकांत बदल आढळले आणि ते प्रत्यारोपण थांबवलं. महिनोन्महिने जपलेलं काम, रुग्ण वाट पाहतोय, आणि नाही म्हणायचं. हे नाही म्हणणं मला त्या पहिल्या शस्त्रक्रियेइतकंच मोलाचं वाटतं.

हे निष्कर्ष न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनच्या २०१७ च्या मार्चमधल्या अंकात आले. त्या अंकात त्याच्या लगेच पुढच्या पानांवर दुसरा एक लेख आहे. डोळ्याच्या त्याच प्रकारच्या आजाराच्या तीन स्त्रिया. अमेरिकेतल्या एका क्लिनिकने त्यांच्या पोटाच्या चरबीतून पेशी काढल्या, 'स्टेम सेल' म्हणून दोन्ही डोळ्यांत टोचल्या. पैसे घेऊन. तिघींचीही नजर फार वाईट ढासळली.

आत्याने मला कागद पाठवला तेव्हा मला ही पानं आठवली. कागदावर लिहिलं होतं, पोटाच्या चरबीतून पेशी काढणार आणि त्याच दिवशी परत देणार. त्याच दिवशी! मी त्वचेच्या पेशीपासून मेंदूतल्या चेतापेशी करते तेव्हा मला काही महिने लागतात. चरबीतल्या पेशी या आयपीएस नव्हेत. त्यांना मागे नेलेलं नसतं, डोपामिन तयार करणाऱ्या पेशींपर्यंत (पार्किन्सन्समध्ये मेंदूतल्या याच पेशी मरत जातात) पुढे आणलेलं नसतं. शिरेतून टोचलेल्या पेशी मेंदूत नेमक्या जागी जाऊन बसतील आणि तिथे डोपामिन करू लागतील, याला काही आधार नाही. आमचे शब्द, आमची चित्रं, एवढंच त्यांनी उचललं होतं. मला इतका राग आला की तो कागद मी दोनदा खाली ठेवला.

खरं काय चाललंय तेही मी तिला सांगितलं, कारण ते लपवणं हाही अन्याय झाला असता. २०१८ मध्ये क्योटोत जुन ताकाहाशी यांच्या गटाने पार्किन्सन्सच्या एका रुग्णाच्या मेंदूत, आयपीएसपासून केलेल्या सुमारे २४ लाख पेशी नेमक्या जागी सोडल्या. दात्याच्या पेशी, त्यामुळे शरीराने त्या नाकारू नयेत म्हणून औषधं द्यावी लागली. २०२५ मध्ये सात रुग्णांचे निष्कर्ष आले. दोन वर्षांत गाठ झाली नव्हती. हालचालींची तुलना करता आली अशा सहांपैकी चार जणांत, गोळीचा असर नसतानाच्या वेळी, सुधारणा दिसली. सात माणसं. मला त्याचा इतका आनंद झाला होता की मी तो निबंध छापून हूडशेजारच्या भिंतीवर लावलाय. पण सात माणसं आहेत ती.

आत्या गप्प होती. मग म्हणाली, "मग माझ्या वेळेला येईल का गं?"

"मला माहीत नाही, आत्या." खोटं बोलवेना. "पण तू तिथे एवढं विचार. पेशी कुठल्या, त्यांचं नेमकं काय केलं, गाठीची आणि जंतूंची चाचणी कशी केली, आणि ही नोंदवलेली क्लिनिकल ट्रायल आहे का. रीतसर चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे सहसा घेत नाहीत. ते घेत असतील तर का, हेही विचार."

ती म्हणाली, "एवढं कोण लिहून घेणार, माझा हात कुठे चालतोय." मी तिला सगळं टाइप करून पाठवलं. सोबत ठोके देणाऱ्या त्या पापुद्र्याचा अकरा सेकंदांचा व्हिडिओही पाठवला.

तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी, मी मिडिया कोमट व्हायची वाट बघत उभी असताना, तिने एका कागदाचा फोटो पाठवला. तिच्या हातचं अक्षर. वर मोठ्ठं "नाव". मग लहान होत "काढून टाकलं". खाली आणखी एक ओळ होती, इतकी बारीक की आधी मला ती कागदाची सुरकुतीच वाटली. मी फोटो मोठा करत करत वाचला.

"व्हिडिओतलं हृदय कुणाचं गं?"

मला फक्त कुपीवरचा क्रमांक माहीत आहे. तोच मी तिला लिहून पाठवला.